कीटकमारक दीप, विद्युत्

प्रकाशाने जवळ आलेल्या उडत्या कीटकांना उच्च विद्युत् दाबाच्या जाळीचा स्पर्श घडवून मारणारे उपकरण. बाजारात ते ‘इन्सेक्ट किलर’ किंवा ‘डास मारण्याचे यंत्र’ या नावांनी विकले जाते. यांपैकी दुसरे नाव दिशाभूल करणारे आहे. कारण या दिव्यावर येणाऱ्या कीटकांत चावणाऱ्या डासांचे प्रमाण अत्यल्प असते. उपकरण विकत घेताना, टांगताना व बिघडल्यावर दुरुस्त करताना ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांचा पैसा वाया जातो.

इतिहास : दिव्यावर कीटक झेपावतात हे ज्ञान दिव्याइतकेच जुने आहे. त्यास विद्युत् जाळीची जोड देण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभीची होय. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या ऑक्टोबर १९११ च्या अंकात डेन्व्हर येथील दोघांनी तयार केलेल्या अशा सापळ्याची माहिती आली होती. त्यात विजेचे पाच दिवे व ४५० व्होल्ट दाबाची तारांची जाळी होती आणि माश्यांना आमिष म्हणून आत मांस ठेवावे लागे. तो फार महाग असल्याने व्यवहारात आला नाही. १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत अशा उपकरणांची एकस्वे (पेटंटे) दिली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील परजीवीविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम ब्रॉडबेक हर्म्झ (१८७६–१९४९) हे फळबागांच्या रक्षणासाठी मोठ्या सापळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ काम करीत होते. त्यांनी १९३४ मध्ये पुढे आणलेला नमुना आजच्या उपकरणांचा आदर्श ठरला. त्याच सुमारास इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे सी. बी. विल्यम्स यांनी रात्री उडणाऱ्या कीटकांची गणना करण्यासाठी प्रकाश सापळा वापरात आणला. त्याचा हेतू कीटक मोजण्याचा होता. शेतीतील प्रकाश सापळ्यांचे नाते या दुसऱ्या परंपरेशी अधिक जवळचे आहे.

रचना व कार्य : उपकरणाचे तीन मुख्य भाग असतात : दिवा, जाळी आणि विद्युत् दाब वाढविणारे मंडल. दिवा बहुधा नळीच्या आकाराचा (ट्यूबलाइटसारखा) असतो. नळीतील पाऱ्याच्या बाष्पापासून निघणारे जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण तिच्या आतील लेपावर पडतात व लेप सु. ३५० ते ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण बाहेर टाकतो (१ नॅनोमीटर = मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). आपल्याला दिसणारा निळसर उजेड हा या उत्सर्जनाचा केवळ लहानसा, अनुषंगिक भाग असतो. अलीकडे याच तरंगलांबीचे एलईडी दिवेही वापरतात.

दिव्याभोवती एकाआड एक तारा दोन निरनिराळ्या अग्रांना जोडलेल्या असतात. लगतच्या दोन तारांमध्ये सु. ६ ते १० मिमी. अंतर आणि साधारणपणे २,००० व्होल्ट वा त्याहून अधिक दाब असतो. एवढ्या दाबाची ठिणगी कोरड्या हवेत एक मिलिमीटर अंतरही ओलांडू शकत नाही. त्यामुळे एरवी जाळी शांत असते. कीटक मध्ये शिरला की, त्याच्या ओलसर शरीरामुळे हवेतील अंतर कमी होते, ठिणगी पडते व ओळखीचा ‘चट्’ असा आवाज होतो. मंडलातून वाहू शकणारा प्रवाह काही मिलिअँपिअरपुरता मर्यादित ठेवलेला असतो.

दाब वाढविण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या व जड उपकरणांत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) असते. हलक्या व स्वस्त उपकरणांत डायोड व धारित्र (कपॅसिटर) यांची साखळी असते. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट म्हणतात, परंतु प्रत्येक आवर्तनात तो सु. ३२५ व्होल्टच्या शिखरास पोहोचतो. साखळीतील प्रत्येक टप्पा या शिखराच्या दुप्पट, म्हणजे ६५० व्होल्टची भर घालतो व तीन टप्प्यांनंतर सु. १,९५० व्होल्ट मिळतात. ही युक्ती चतुर आहे. पण तिचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे जाळी घरातील विजेच्या तारांपासून अलग राहत नाही. दुसरा, दिवा बंद केल्यावरही धारित्रांत भार शिल्लक राहतो. दुरुस्ती करणाऱ्यास धक्का बसतो तो बहुधा या दुसऱ्या कारणाने.

कीटकांचे प्रकाशाकडे येणे : रात्री उडणारे कीटक चंद्राच्या अनुरोधाने दिशा राखतात व दिव्याला चंद्र समजून फसतात, असे पुष्कळ काळ मानले जात होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सॅम्युएल फेबियन, यश सोंधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिजलद छायाचित्रणावर आधारलेले वेगळे स्पष्टीकरण मांडले. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. मोकळ्या रात्री उजळ बाजू म्हणजे आकाश, म्हणून तो सरळ उडतो. दिव्याजवळ मात्र पाठ दिव्याकडे वळविण्याच्या प्रयत्नात त्याचा मार्ग वाकतो आणि तो दिव्याभोवती अडकून पडतो. या स्पष्टीकरणानुसार तो दिव्याकडे ओढला जातो असे म्हणण्यापेक्षा दिव्याजवळून जाताना बंदी होतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

डासाच्या मादीचा माग काढण्याचा मार्ग याहून निराळा असतो. श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, घामातील द्रव्ये व शरीराची उष्णता यांच्या साहाय्याने ती माणसाकडे येते. दिव्याशेजारी माणूस बसला असल्यास तिची निवड ठरलेली असते. डेंग्यू पसरविणारा एडिस ईजिप्ती हा डास तर मुख्यतः दिवसा चावतो. त्यावर रात्रीच्या दिव्याचा काय उपयोग होणार?

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या टिमथी फ्रिक व डग्लस टॅलमी यांनी १९९४ च्या उन्हाळ्यात सहा घरांच्या अंगणांतील अशा दिव्यांखाली पडलेले कीटक मोजले (प्रसिद्धी १९९६). एकूण १३,७८९ कीटकांपैकी डासांसह चावणारे कीटक फक्त ३१, म्हणजे ०.२२ टक्के होते. किडींना खाणारे वा त्यांच्यावर परजीवी म्हणून जगणारे उपयुक्त कीटक १३.५ टक्के, तर पाण्यात वाढणारे निरुपद्रवी कीटक ४८.४ टक्के भरले. प्रदेश वेगळा असला, तरी कारण तेच असल्याने निष्कर्ष आपल्याकडेही विचारात घेण्याजोगा आहे.

माजलगाव परिसर : बीड जिल्ह्यातील माजलगाव हे या प्रश्नाच्या सर्व बाजू एकत्र दिसण्याजोगे ठिकाण आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर बांधलेल्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय शहरानजीक आहे आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस, तर भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस होतो. पाणी, ऊस व कापूस या तिन्हींचे कीटक निराळे आणि दिव्याशी त्यांचे संबंधही निराळे.

जलाशयाकाठच्या वस्त्यांत संध्याकाळी दिव्याभोवती जे थवेच्या थवे घोंघावतात, त्यांत ‘मिज’ (कायरोनोमिड) नावाचे कीटक पुष्कळ असतात. ते हुबेहूब डासांसारखे दिसतात. पण त्यांना रक्त शोषण्याची लांब सोंड नसते व ते चावत नाहीत. स्थिर बसले असता ते पुढचे दोन पाय वर उचलून धरतात, तर डास मागचे पाय उचलतो. एवढ्या खुणेवरून ते ओळखता येतात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात व माशांचे खाद्य होतात. सकाळी तबकात मेलेल्या मिजांचा ढीग पाहून घरमालकास डासांचा नायनाट झाल्यासारखे वाटते. खरे डास तोवर घरात शिरलेले असतात. अंगणातला दिवा दूरवरून कीटकांना घराकडे आणतो, ही आणखी एक अडचण.

उसाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. हुमणी (होलोट्रिकिया सेराटा) या किडीची अळी जमिनीत राहून उसाची व इतर पिकांची मुळे खाते. तिचे भुंगेरे वळवाच्या वा मॉन्सूनच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि नंतर माद्या पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. वर्षातून एकच पिढी होत असल्याने या थोड्या दिवसांत भुंगेरे पकडणे फार मोलाचे असते. म्हणूनच कृषी विद्यापीठे व कृषी विभाग या काळात प्रकाश सापळे लावण्यास सांगतात. मात्र येथे विद्युत् जाळी नको. भुंगेरा जाड असल्याने तारांत अडकून बसतो व जाळी निकामी होते. दिव्याखाली पाणी व थोडे रॉकेल असलेली पाटी वा टब ठेवणे स्वस्त व अधिक परिणामकारक असते. दिवा साधारणपणे संध्याकाळी ७ ते ९ या वेळेतच लावावा. रात्रभर जळता ठेवल्यास उपयुक्त कीटकही मोठ्या संख्येने मरतात. एकट्या शेतकऱ्याने सापळा लावल्यास शेजारच्या शिवारातील भुंगेरे त्याच्याच बांधावर गोळा होतात. हे काम गावाने मिळून करावयाचे आहे.

कापसावरील शेंदरी बोंडअळीने २०१७ मध्ये मराठवाडा व विदर्भ या भागांत फार मोठे नुकसान केले. तिचा पतंग रात्री उडतो व दिव्यावरही येतो. परंतु त्याच्यासाठी मादीच्या गंधद्रव्याची गोळी (ल्यूर) लावलेला कामगंध सापळा अधिक योग्य असतो, कारण त्यात त्याच जातीचे नर सापडतात. उलट जंबुपार दिव्यावर क्रायसोपा हा हिरवा, जाळीदार पंखांचा कीटकही येऊन मरतो. त्याच्या अळ्या मावा, फुलकिडे व बोंडअळ्यांची अंडी खातात. स्वतःच्या कापसाचा राखणदार आपणच मारावा, असा हा प्रकार होय.

निवड : वरील विवेचनावरून उपकरण कोणत्या कीटकांसाठी हवे, हे प्रथम ठरवावे. डासांसाठी हवे असल्यास ते घेऊ नये. साठलेले पाणी नाहीसे करणे, आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करणे, डबक्यांत व हौदांत गप्पी मासे सोडणे, खिडक्यांना जाळ्या व रात्री मच्छरदाणी हे उपाय स्वस्त व खात्रीचे आहेत. हातात धरावयाची विद्युत् बॅट मात्र डास खरोखर मारते. कारण तेथे डास शोधण्याचे काम दिवा करीत नसून माणूस करतो.

घरमाश्यांसाठी दुकान, उपाहारगृह वा दूध संकलन केंद्र यांच्या आत या दिव्याचा उपयोग होतो. तेथेही जाळीचा दिवा उघड्या अन्नाच्या वर टांगू नये. कॅन्सस राज्य विद्यापीठातील जेम्स अर्बन व अल्बर्टो ब्रोस यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, जाळीवर माशी फुटताना तिच्यावरील जंतू व विषाणू हवेत फेकले जातात. मिठाईच्या दुकानात जाळीऐवजी चिकट पुठ्ठ्याचा दिवा लावणे इष्ट.

पावसाळ्यात दिव्यावर येणारे पतंग, पंख फुटलेली वाळवी इ. किडे घरात येऊ नयेत म्हणून अंगणात दिवा हवाच असल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात. नळी प्रमाणित मापाची व तालुक्याच्या बाजारात मिळणारी असावी. नळी न मिळाल्याने अडगळीत पडलेली उपकरणे कमी नाहीत. बाहेर लावावयाच्या उपकरणावर पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण दर्शविणारी खूण (किमान आयपीएक्स ४) असावी. कवच धातूचे असल्यास तीन पिनांची वायर व खरोखर काम करणारे भूयोजन (अर्थिंग) आवश्यक आहे. बाहेरची संरक्षक जाळी अशी असावी की, लहान मुलाचे बोट आतील तारांपर्यंत पोहोचू नये. अशा उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५-२-५९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खोक्यावर छापलेला ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ हा दावा फारसा मनावर घेऊ नये. दिवा जिथवर दिसतो तिथवरच त्याचा प्रभाव आणि भोवती दुसरे दिवे असल्यास तोही घटतो. विजेचा खर्च फार नसतो. २० वॉटच्या दोन नळ्या व त्यांचे चोक मिळून सु. ५० वॉट धरल्यास रोज १० तासांप्रमाणे महिन्याला १५ युनिटे होतात.

दिवा बसण्याच्या जागेपासून व दारापासून काही मीटर दूर, सु. दोन मीटर उंचीवर टांगावा. कडबा, गवताची गंज किंवा घरात साठविलेला कापूस यांच्याजवळ तो मुळीच लावू नये. भाव वाढण्याची वाट पाहत खोलीभर कापूस भरून ठेवण्याची पद्धत या भागात सर्रास आहे. जाळीतून पेटलेला एक पतंग त्यावर पडणे पुरेसे होईल.

दुरुस्ती : प्रथम पिन बोर्डातून काढावी, केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. काही मिनिटे थांबून, जाड प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने लगतच्या दोन तारा एकदम जोडून धारित्रांतील भार काढून टाकावा. हे करताना हात पात्याला लागता कामा नये. चांगल्या उपकरणात हा भार आपोआप निघून जावा म्हणून मोठ्या रोधाचा रोधक (रेझिस्टर) बसविलेला असतो. पण तो तुटलेला असू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये. जाळीवरील दाब साध्या मल्टिमीटरने मोजण्याचा किंवा टेस्टर लावून पाहण्याचा मोह टाळावा. ही साधने इतक्या दाबासाठी बनविलेली नसतात.

दिवा लागत नाही व जाळीही मृत आहे, असे असल्यास दोष बहुधा पिन, वायर वा वितळतार (फ्यूज) यांत असतो. बाहेर टांगलेल्या उपकरणाची वायर कवचात शिरते त्या ठिकाणी उन्हाने तडकते; प्रथम तेथे पाहावे. जाळी चालू, परंतु दिवा बंद असल्यास नळी, स्टार्टर व चोक या क्रमाने बदलून पाहावे. सकाळ-संध्याकाळ दाब कमी असलेल्या गावांत चोक-स्टार्टरची नळी नुसती लुकलुकत राहते. तो उपकरणाचा दोष नव्हे.

दिवा लागतो पण ‘चट्’ आवाज येत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. पुष्कळदा तारांत अडकलेला किडा वा पाल हेच तिचे कारण असते. दिव्याभोवतीचे किडे टिपण्यास येणारी पाल जाळीत सापडली की, दोन तारा कायमच्या जोडल्या जातात. कोरड्या रंगकामाच्या ब्रशने जाळी स्वच्छ करावी. पावसाळ्यात हे काम आठवड्याला करावे लागते. पाणी वापरू नये. रॉकेल वा पेट्रोलने तारा पुसण्याची काहींना सवय असते. राहिलेली वाफ पहिल्याच ठिणगीने पेट घेते. स्वच्छ करूनही जाळी मृत राहिल्यास साखळीतील डायोड वा धारित्र गेलेले असते. धारित्र बदलताना त्याची क्षमता तीच ठेवावी. त्यावर लिहिलेला व्होल्टचा आकडा मात्र मूळच्याइतका वा त्याहून अधिक असावा. प्रत्येक टप्प्यावर ६५० व्होल्ट येतात हे लक्षात घेतल्यास ४०० व्होल्टचे स्वस्त धारित्र चार दिवसांत का फुटते, ते कळते. रोहित्र जळाल्यास कुबट करपट वास येतो. नवे रोहित्र व मजुरी मिळून खर्च बहुधा नव्या उपकरणाच्या जवळपास जातो. अशा वेळी दुरुस्तीचा आग्रह धरू नये.

किडा नसतानाही सतत ‘चरचर’ आवाज येत असल्यास तारा धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा निरोधक तपासावा. त्यावर काळी, झाडाच्या फांद्यांसारखी रेघ उमटलेली दिसल्यास प्लॅस्टिकचा कोळसा होऊन तेथून वीज वाहू लागली आहे, असे समजावे. ही रेघ खरवडून जात नाही. तो भाग बदलावाच लागतो, अन्यथा तेथे आग लागू शकते. चार महिने बंद असलेले उपकरण पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करण्यापूर्वी एक दिवस उन्हात वाळवून घेतल्यास दमटपणामुळे होणारे असे बिघाड टळतात.

सर्वांत फसवा बिघाड असा की, दिवा छान निळा दिसतो, जाळीही चालू आहे. पण किडेच येत नाहीत. नळीतील लेपाची जंबुपार किरण देण्याची क्षमता वापराबरोबर घटत जाते, दृश्य उजेड मात्र तसाच राहिल्यासारखा वाटतो. डोळ्याला हा फरक कळत नाही. म्हणून नियमित वापरातली नळी दिसायला ठीक असली तरी सु. वर्षाने, शक्यतो जूनच्या आधी बदलावी. बदलताना निळ्या रंगाचा साधा दिवा वा सजावटीचा निळा एलईडी बसवून देण्याची चलाखी काही दुकानांत होते. त्यातून जंबुपार किरण जवळजवळ निघतच नाहीत. नळीवर ‘बीएल’ किंवा ‘बीएलबी’ अशी अक्षरे असावीत. दुसरीची काच काळसर असते, ती केवळ दृश्य उजेड अडविण्यासाठी. कीटकांच्या दृष्टीने तिचा विशेष लाभ नाही व ती महाग पडते. जुन्या नळीत पारा असल्याने ती फोडू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये व फुटल्यास तुकडे उघड्या हाताने न उचलता खिडक्या उघडून, जाड कागदाने गोळा करावेत.